भांगेची थंडाई आणि गांज्याचं बटर, झाड एकच पण गोष्टी दोन

माझा मावसभाऊ टोरंटोला असतो, त्याने होळीला व्हिडिओ कॉलवर ब्राउनीचा ट्रे दाखवला आणि म्हणाला, "दादा, कॅनाबटर, म्हणजे गांज्याचं बटर, घरीच केलंय, आपली रंगपंचमीची भांग असते ना, तसंच समज." तसंच नाहीये रे बाबा, आणि हा गैरसमज इतक्या जणांचा आहे की नीट लिहूनच टाकतो.

झाड तेच, हे खरं. पण भांग म्हणजे पानं. आणि गांजा म्हणजे मादी झाडाच्या शेंड्याची फुलं, ज्यांना हात लावला की बोटं चिकट होतात, कारण त्यावर राळ असते. नशा आणणारं टीएचसी मुख्यतः त्या राळेत असतं, पानांत त्याच्या मानाने बरंच कमी. म्हणजे थंडाईत वाटलेली पानं जातात, मिरी, बडीशेप, खसखस, बदामाबरोबर वाटलेला तो हिरवा गोळा, आणि बटरमध्ये सहसा फुलं जातात. एक पेला थंडाई म्हणजे एक ब्राउनी असा हिशोब लागूच शकत नाही.

सारखं काय, तर दोन्हीकडे स्निग्ध पदार्थ लागतो. टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तुपालोण्यात विरघळतं, म्हणून आपल्याकडे मलईचं दूध आणि बदाम, तिकडे लोणी. फरक उष्णतेचा. कच्च्या झाडात टीएचसी आम्लाच्या रूपात असतं, त्याने फारशी नशा होत नाही, ते तापलं की बदलतं. बटरवाले फुलं मुद्दाम आधी ओव्हनमध्ये तापवून घेतात, थंडाईत मात्र पानं कशी वाळवली, किती उकळली त्यावर सगळं, त्यामुळे एकाच घरातली दोन वर्षांची थंडाईसुद्धा सारखी चढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दोन्हीला लागू आहे. ओढलेला गांजा काही मिनिटांत कळतो, पोटात गेलेलं अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही, कारण ते लिव्हरमधून जातं आणि तिथे त्याचं आणखी जोरदार रूप तयार होतं, मग सहा-आठ तास सुटका नाही. आमच्याकडे एका रंगपंचमीला काकांनी एक पेला घेतला, पाऊण तास काही झालं नाही, म्हणून दुसरा घेतला. नंतर दोन्ही पेले एकदम चढले. तोंडाला कोरड, छातीत धडधड, माझा हात घट्ट धरून "मी मरतोय का रे" हे दर पाच मिनिटांनी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोप. तो हात मला अजून आठवतो.

कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, खाण्याच्या वस्तू २०१९ पासून, आणि दुकानातल्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी चालतं. घरच्या बटरवर असा आकडा कुठून येणार? एका कोपऱ्यातला तुकडा हलका, दुसरा जड.

भारतात तर कायदाही वेगळा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे शेंडे, ते सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणूनच जैसलमेर, बनारसला भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. म्हणून भांग सगळीकडे मोकळी असं समजू नका, ते प्रत्येक राज्यावर आहे, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली तिच्यावरही बंधन आहे. आणि गांज्याचं बटर? गांजा मिसळलेलं मिश्रणही त्याच एनडीपीएस कायद्याखाली येतं, शिवाय २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हीरा सिंग केसमध्ये सांगितलंय की वजन अख्ख्या मिश्रणाचं धरायचं. म्हणजे थोडासा गांजा आणि अर्धा किलो लोणी, तरी काट्यावर पूर्ण डबा.

कुणाला जास्त झालंच तर एकटं सोडू नका, उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, वर दारू अजिबात नको. लहान मुलाने खाल्लं तर वाट न बघता हॉस्पिटल, आणि डॉक्टरला खरं काय ते सांगा, लाज बाळगू नका.

भावाला शेवटी तेच म्हटलं, घरात चार वर्षांची पोरगी आहे तुझी, ब्राउनीत गेलेलं बटर तिला साध्या चॉकलेटसारखंच दिसणार, ट्रे आधी उचल आणि कुलपात ठेव. त्याने कॉल चालू असतानाच उचलला.