उतारावर न्यूट्रल केल्याने पेट्रोल वाचत नाही

घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचतं, असं अजूनही कित्येक जण शिकाऊ चालकांना सांगतात. कार्बोरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीने पेट्रोल सोडणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या काळात यात थोडंफार तथ्य होतं. गिअरमध्ये अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी इंजिनच्या ओढीने कार्बोरेटरमधून पेट्रोल येतच राहायचं.

आताच्या गाड्यांत पेट्रोल इंजेक्टर सोडतात आणि त्यांना हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक. गाडी गिअरमध्ये आहे, अॅक्सिलरेटर पूर्ण सुटलाय आणि इंजिन वेगात फिरतंय, हे दिसताच तो इंजेक्टर बंदच करतो. तेव्हा इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, इंधन शून्य! इंजिनचे फेरे आयडलच्या, म्हणजे उभ्या गाडीतल्या संथ वेगाच्या जवळ उतरले की पुरवठा पुन्हा सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चाकांपासून सुटलेलं. ते बंद पडू नये म्हणून आयडलचं पेट्रोल जळतच राहतं. डॅशबोर्डवर तात्काळ मायलेज दिसत असेल तर गिअरमध्ये उतरताना पाहा, आकडा एकदम टोकाला जातो.

अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते, हे खरं. पण घाटात ब्रेक दाबावाच लागतो, तिथे हा फायदा उरत नाही. उलट इंजिनचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पकड सोडतात. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमधल्या ट्रकने कित्येक गाड्यांना धडक दिली आहे. कृपा करून गिअर काढू नका.