मेथाडोनमुळे होणारे मृत्यू

गर्द म्हणजे हेरॉइन. त्याचे व्यसन सुटावे म्हणून पर्यायी औषध म्हणून दिलेल्या मेथाडोनमुळेच काही वेळा श्वास मंदावून मृत्यू येतो. मेथाडोन अफूसारखेच काम करते, पण ते प्रयोगशाळेत बनते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत ते तयार झाले. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी ते हेरॉइनच्या रुग्णांना रोज द्यायला सुरुवात केली. त्याने टर्की, म्हणजे नशा न मिळाल्यावरची अंगदुखी, जुलाब आणि तळमळ, थांबते. सुई सुटते, माणूस कामाला लागतो.

धोका आहे तो औषधाच्या संथपणात. मेथाडोनचा वेदनाशामक परिणाम काही तासांत ओसरतो, औषध मात्र बहुतेकांच्या शरीरात दिवसभराहून अधिक रेंगाळते. आजचा डोस पुरता उतरण्याआधीच त्यावर उद्याचा चढतो. त्यामुळे पहिल्या दिवशी सोसलेला डोस तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिवावर बेतू शकतो. मृत्यू बहुधा झोपेत येतो. रात्री घरच्यांना जड, घरघरणारे घोरणे ऐकू येते, ‘गाढ झोपलाय’ म्हणून कोणी उठवत नाही, आणि सकाळी ओठ निळे पडलेले असतात. हे घोरणे झोपेचे नसते, कोंडलेल्या श्वासाचे असते. म्हणूनच ब्रिटनमध्ये पहिला डोस दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम इतकाच ठेवतात. सलग तीन दिवस औषध चुकले तर जुना डोस तसाच देत नाहीत, कारण तोवर शरीराची सवय कमी झालेली असते.

स्कॉटलंडमध्ये २०२०मध्ये अमली पदार्थांमुळे १,३३९ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ७०८ मृत्यूंना मेथाडोनचा हातभार होता. हा आकडा पाहून औषधालाच दोषी धरण्याची घाई होते. पण त्या वर्षीच्या दर दहापैकी नऊहून अधिक मृतांच्या शरीरात एकाहून जास्त पदार्थ होते. बनावट व्हॅलियमच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधाच्या, स्वस्त गोळ्या, दारू आणि मेथाडोन असे सगळे मिळून श्वास दाबतात. शिवाय अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत मेथाडोन चालू असताना वर्षाला दर हजारी सुमारे ११, तर उपचार सुटल्यावर ३६ मृत्यू आढळले. उपचाराचे पहिले चार आठवडे आणि ते सुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे सर्वांत नाजूक. रुग्ण चुकला म्हणून शिक्षेखातर एकाएकी औषध तोडणे म्हणजे त्याला थेट त्या दुसऱ्या खाईत ढकलणे.

१९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये औषध पुष्कळदा घरी नेऊ देत, आणि ते बाजारात विकलेही जाई. पुढे औषधविक्रेत्यासमोरच ते पिण्याची पद्धत रुळली. काउंटरवर छोट्या प्लास्टिक कपात हिरवे द्रावण, वर घोटभर पाणी, मग दोन शब्द बोलणे, म्हणजे औषध तोंडात धरून बाहेर नेता येत नाही. वापराच्या तुलनेत मेथाडोनचे मृत्यू त्यानंतर चौपटीहून अधिक घटले. घरी दिलेली बाटली कुलपात ठेवायला सांगतात, कारण लहान मुलाला त्यातला एखादा घोटही मारू शकतो.

ब्युप्रेनॉर्फिन या दुसऱ्या पर्यायाचा श्वासावरील परिणाम एका मर्यादेपुढे फारसा वाढत नाही, म्हणून ते एकटे घेतल्यास अधिक सुरक्षित. भारतातील सरकारी केंद्रांत मुख्यतः हेच जिभेखाली ठेवायला देतात.

नॅलोक्सोन या अफूसारख्या औषधांवरच्या उताऱ्याने बेशुद्ध रुग्ण काही मिनिटांत डोळे उघडतो. मात्र त्याचा असर तास-दीड तासाचा, मेथाडोनचा त्याहून कितीतरी लांब. ‘बरा झालो’ म्हणून उठून गेलेला रुग्ण पुन्हा कोसळू शकतो, म्हणून त्याला रुग्णालयात कित्येक तास देखरेखीखाली ठेवतात.