आईची दारू, तिचा मेंदू आणि घरातली नाती

नवरा-बायको दोघांनी एकाच बाटलीतली सारखीच दारू घेतली, वजनसुद्धा सारखंच धरू, तरी बायकोच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण जास्त चढतं. अल्कोहोल पाण्यात मिसळतं, चरबीत फारसं जात नाही, आणि पुरुषाच्या शरीरात साधारण 60 टक्के पाणी असतं तर बाईच्या शरीरात 50 ते 55 टक्के, त्यामुळे तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळून जास्त कडक राहते. जठरातही अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते दारू रक्तात जायच्या आधीच थोडीफार मोडून टाकतं, आणि 1990 साली चार्ल्स लीबर आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकांनी दाखवलं की बायकांमध्ये हे काम कमी चालतं. या दुसऱ्या मुद्द्यावर नंतर बराच वाद झाला, पण पाण्याचा मुद्दा पक्का आहे. बाई उशिरा प्यायला लागली तरी व्यसन लागायला आणि लिव्हर खराब व्हायला तिला पुरुषापेक्षा कमी वर्षं लागतात असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, संशोधक याला टेलिस्कोपिंग म्हणतात.

हे आधी सांगायचं कारण असं की आई पिते म्हटल्यावर घरात, गल्लीत, नातेवाइकांत पहिला विषय निघतो तो तिच्या चारित्र्याचा. बाप प्यायला तर "त्याला सवय शे" म्हणून लोक गप्प बसतात, माय प्यायली तर तिच्या माहेरापासून सगळ्यांचा उद्धार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 वर्षांवरच्या 18.8 टक्के पुरुषांनी दारू पितो असं सांगितलं, बायकांमध्ये हा आकडा 1.3 टक्के. आता मला सांगा, शेजारी सासू बसलेली, दारात सर्व्हेवाली ताई फॉर्म घेऊन उभी, कोणती बाई हो म्हणेल? मला तरी हा आकडा खरा आकडा म्हणून घेववत नाही, कबुलीचा आकडा म्हणूनच घेते मी तो.

आमच्या खान्देशात याची दोन टोकं दिसतात. वर सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा-तळोद्याकडे, मोहाची दारू पूजेत लागते, पहिली धार देवाला जाते, होळीला बाया-माणसं मिळून पितात, सगळ्यांच्या समोर, कुणी किती घेतली हे सगळ्यांना दिसतं. आणि खाली जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये एखादी आई पीत असेल तर ती दुपारी दार लावून, एकटी, पिठाच्या डब्यात नाहीतर धुण्याच्या टबामागे क्वार्टर लपवून पिते. इथेनॉल दोन्हीकडे तेच, लिव्हरला मोह काय नि इंग्लिश काय सारखंच, पण एकटीनं लपून पिण्यात कुणाचाच डोळा राहत नाही आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात. बायकांच्या बाबतीत यामागे बऱ्याचदा डिप्रेशन, घरातली मारहाण, झोप न लागणं, लहानपणी झालेला छळ असं काहीतरी आधीपासून असतं आणि दारू हे सुरुवातीला त्याच्यावरचं औषध म्हणून येतं.

मेंदूत होतं काय, तर दारू गाबा नावाच्या रसायनाचं काम वाढवते, हे मेंदूला शांत करणारं, आणि ग्लुटामेट नावाच्या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. रोज हे चाललं की मेंदू स्वतःला जुळवून घेतो, शांत करणारी बाजू ढिली करतो आणि चेतवणारी वाढवतो. रस्सीखेच खेळताना समोरच्यानं अचानक दोर सोडला की आपण कसे मागे आपटतो, तसं दारू एकदम थांबली की होतं, कारण मेंदूनं जोर लावलेला असतो आणि समोर ओढणारं कुणी उरत नाही. म्हणून पहाटे चारला जाग येते, हात थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, आणि सकाळी चहाच्या आधी एक घोट घेतला की सगळं थांबतं. घरच्यांना वाटतं हिला सकाळीसुद्धा मजा पाहिजे, पण त्या वेळी मजा वगैरे काही उरलेली नसते, ती फक्त थरथर थांबवायला पीत असते.

पुढचं नीट वाचा, कारण यात जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला "आजपासून बंद" म्हणून खोलीत कोंडलं, किंवा स्वतःच शपथ घेऊन त्यानं बंद केली, तर 6 ते 12 तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना डेलिरियम ट्रेमेन्स होतं, म्हणजे भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही, उपचार मिळाले नाहीत तर मरूही शकतो. आमच्याकडे याला "बाहेरचं लागलं" म्हणतात आणि गाडी दवाखान्याऐवजी भगताकडे वळते. हॉस्पिटलमध्ये डायझेपाम, लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड देऊन हे दिवस सुरक्षित काढता येतात, डोस रोज थोडा थोडा कमी करत. म्हणजे सोडण्याचा निश्चय तिनं केलाय ही आनंदाचीच गोष्ट आहे, पण पहिला आठवडा डॉक्टरच्या देखरेखीतच गेला पाहिजे, घरी नको.

दुसरा प्रकार म्हणजे भाजीत गुपचूप टाकायची पावडर. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाच माहीत, पण काही जण मेडिकलमधून डायसल्फिराम आणून वरणात घालतात. हे खरं औषध आहे, 1948 साली डेन्मार्कमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन यांनी दारूसाठी वापरात आणलं. दारूचं शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं आणि मग त्याचं पुढे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट होतं, ही दुसरी पायरी डायसल्फिराम अडवतं, म्हणून विषारी अ‍ॅसिटाल्डिहाइड साठून चेहरा लाल, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. ज्याला माहीतच नाही की पोटात गोळी आहे तो नेहमीसारखी पिणार, आणि हार्टचा त्रास असेल तर जागेवर जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत ही रिअ‍ॅक्शन येऊ शकते. पेशंटला सांगून, तिच्या संमतीनं, डॉक्टरांनी दिलं तरच हे औषध आहे, चोरून दिलं तर विषप्रयोग म्हणावा लागेल, मी यात काही सौम्य शब्द वापरणार नाही.

आता आठवणीचा विषय, कारण माय-लेकीचं नातं सगळ्यात जास्त इथेच तुटतं असं मला वाटतं. लेक सकाळी विचारते, "माय, तू काल रातले काय बोलनी, आठवस का तुले?" आणि आई शपथेवर सांगते, "मी कव्हयच असं म्हनेल नही." लेकीला हे खोटं वाटतं, आणि रात्री ऐकलेल्या शिव्यांपेक्षा सकाळचा हा नकार तिला जास्त लागतो. पण रक्तात अल्कोहोल झपाट्यानं वाढलं, खासकरून रिकाम्या पोटी, की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचं काम बंद पडतं, आणि नवीन आठवण साठवायचं काम तोच करतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, भाकरीसुद्धा थापतो, पण त्यातलं काही नोंदलंच जात नाही. नंतर आठवण करून दिली तरी येत नाही, कारण आत काही साठलेलंच नसतं. याला ब्लॅकआऊट म्हणतात, बेशुद्ध पडणं वेगळं. आईच्या तोंडून निघालेलं लेकीला आयुष्यभर आठवतं आणि आईच्या डोक्यात त्या रात्रीचं काहीच नसतं, आणि दोघी आपापल्या जागी खरं बोलत असतात. याचा अर्थ आईची जबाबदारी संपली असा नाही, जे झालं ते झालंच आहे, पण "कबूल कर" म्हणून रोज सकाळी भांडण्यात काही अर्थ उरत नाही एवढं तरी यातून कळतं.

वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये याहून गंभीर गोष्ट होते. दारूच पोट भरते, जेवण सुटतं, आणि आतड्यातून व्हिटॅमिन बी1 म्हणजे थायमिन शोषलं जाणंही कमी होतं, शरीरातला साठा तर काही आठवड्यांचाच असतो. मग गोंधळ, तोल जाणं, डोळ्यांची हालचाल बिघडणं, हे 1881 साली कार्ल व्हेर्निके यांनी वर्णन केलं, आणि 1887 च्या सुमारास सर्गेई कोर्साकोव्ह यांनी त्याच्या पुढची अवस्था सांगितली, त्यात नवीन काही लक्षात राहत नाही आणि मेंदू रिकाम्या जागा मनानंच भरतो. "आज मी बाजारात जाऊन आली, तुझी मावशी भेटली" असं आई ठामपणे सांगते आणि ती घराबाहेर पडलेलीच नसते. थायमिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर सुरुवातीचा भाग बराच सुधारतो, उशीर झाला तर आठवण कायमची जाते. म्हणून दारू पिणाऱ्या, अशक्त झालेल्या पेशंटला कुठेही ग्लुकोजची सलाईन लावत असतील तर आधी किंवा सोबत थायमिन देताय ना हे घरच्यांनी विचारावं, कारण शरीरात बी1 संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज दिलं तर मेंदूचं नुकसान वाढू शकतं. डॉक्टरांना हे सांगताना "ती पिते" हे सांगावं लागतं, आणि नेमकं तेच लपवलं जातं, लोक काय म्हनतीन म्हणून.

अजून एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दारूचं व्यसन असलेल्यांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव नीट वाचता येत नाहीत, साध्या थकलेल्या चेहऱ्यात त्यांना राग किंवा तिरस्कार दिसतो, आणि दारू सोडल्यावर काही आठवडे झाले तरी हे पूर्ण जात नाही. म्हणजे आखाजीला, अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली, प्रवासानं दमलेली, गप्प बसली, तर आईला वाटणार ही माझ्यावर तोंड वाकडं करून बसलीय. त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत जे काय वाटतं ते स्पष्ट शब्दांत सांगितलेलं बरं, "माय, मी रागावले नाहीये, दमले फक्त."

घरच्यांनी करायचं काय यावर चांगला अभ्यास झालाय. अमेरिकेत रॉबर्ट मायर्स यांनी क्राफ्ट नावाची पद्धत तयार केली, त्यात व्यसनी माणसाला न बोलावता घरच्यांनाच शिकवतात: ती शुद्धीत असताना प्रेमानं वागायचं, सोबत जेवायचं, प्यायलेली असताना वाद घालायचा नाही, बाजूला व्हायचं, तिची उधारी फेडायची नाही, शेजाऱ्यांना खोटी कारणं द्यायची नाहीत, आणि ती स्वतः "कंटाळा आला या सगळ्याचा" असं म्हणेल त्या क्षणी अपॉइंटमेंट तयार ठेवायची. 1999 साली 130 घरांवरच्या अभ्यासात या पद्धतीनं 64 टक्के व्यसनी माणसं उपचाराला आली, सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारायच्या पद्धतीत 30 टक्के आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांचा आधारगट असलेल्या अल-अ‍ॅनॉनच्या मार्गानं 13 टक्के. अल-अ‍ॅनॉनवर अन्याय नको, 1951 पासूनची ती चळवळ घरच्यांना सावरायला आहे, पेशंटला आणायला नाही, आणि त्या कामात ती खरंच आधार देते. पण भाऊ-काका-मेहुणे गोळा करून बाईला मधे बसवायची जी आपल्याकडची रीत आहे, तिच्याबद्दल मात्र हे आकडे बघून विचार करावा.

उपचारांत नाल्ट्रेक्सोन दारूतली मजा कमी करतं, अ‍ॅकॅम्प्रोसेट ती चेतलेली ग्लुटामेटची बाजू शांत करायला मदत करतं, दोन्ही डॉक्टरच्या सल्ल्यानं, लिव्हर-किडनी तपासून. जळगाव आणि धुळ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवता येतं, पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 आणि व्यसनमुक्तीचा 14446 हे दोन्ही सरकारी नंबर फुकट आहेत. तरी एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात दिसलं की दारूच्या आहारी गेलेल्या 38 पैकी फक्त एकाला काहीतरी उपचार मिळतो. बायकांचं तर पहिलं वाक्यच असतं, मी महिनाभर अ‍ॅडमिट झाली तर पोरांचं कोण करेल. हा बहाणा धरू नका, खरा प्रश्न आहे तो, आणि तो घरच्यांनी आधी सोडवला तरच ती बाहेर पडते.

लेकींचा एक प्रश्न असतो, मोठ्यानं न विचारलेला: माझंही असंच होईल का? जुळ्यांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की लोकांमध्ये या व्यसनाच्या धोक्यात जो फरक असतो त्यातला साधारण निम्मा जीन्समुळे असतो. याचा अर्थ तुम्हाला व्यसन लागायची शक्यता 50 टक्के असा अजिबात नाही. जीन्स घेऊन आलेली मुलगी कधी प्यायलीच नाही तर त्या जीन्सना काही करता येत नाही, आणि 15 वर्षांच्या आधी सुरुवात करणाऱ्यांत व्यसनाचं प्रमाण 20-21 नंतर सुरू करणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, तेव्हा घरातल्या पोराला गंमत म्हणून बियरचा घोट देणाऱ्या काकांना थांबवा.

हवाई बेटांपैकी काउआईवर एमी वर्नर यांनी 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आई-बापाची दारू किंवा मानसिक आजार अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश चांगली सावरली, आणि त्यांच्यात वारंवार दिसलेली गोष्ट म्हणजे एक तरी स्थिर मोठं माणूस, आजी, मावशी, शिक्षक, शेजारीण. आपल्याकडे दहा वर्षांची मोठी पोरगी भाकरी करते, धाकट्याला शाळेत पाठवते, आईला उलटी झाली तर पुसते आणि बाहेर कुणाला काही सांगत नाही, आणि मनातून तिला वाटत असतं की मी नीट वागले असते तर माय प्यायली नसती. फुई म्हणजे आत्या, मावशी, आजी, जी कोणी जवळ असेल तिनं या पोरीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगायला पाहिजे की तुझ्या आईला आजार आहे, तो तुझ्यामुळे झाला नाही, तो बरा करणं तुझं काम नाही, आणि रात्री-अपरात्री भीती वाटली तर माझ्या घरी ये.