तेल तापलं की आधी टायरकडे बघा

सैल वाळूचा लांब चढ. गाडी अडीच टनांची, टर्बोचं दणकट इंजिन, चारही चाकांना जोर. ॲक्सिलरेटर जवळजवळ तळाला टेकलाय आणि वेग जेमतेम ताशी ३० किलोमीटर. पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध, निवांत. शेजारच्या छोट्या पडद्यावर तेलाचं तापमान मात्र पळतंय: १२१, १२४, १२८. चढ संपायच्या आत १३४.

काटा खोटं बोलत नाही, पण पूर्ण खरंही सांगत नाही. अनेक गाड्यांत तो मुद्दाम सुस्त केलेला असतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हे पाणी, ८५ अंशांवर असो की १००, काटा आपली जागा सोडत नाही, म्हणजे चालवणारा उगाच घाबरत नाही. शिवाय पाणी आणि तेल एकाच इंजिनात फिरत असले, तरी दोघांच्या वाट्याला येणारी उष्णता वेगळी असते.

पाणी सिलिंडरच्या भोवतीने आणि हेडमधून फिरतं. पिस्टनच्या पोटाशी ते पोचू शकत नाही. तिथे बारीक नळीतून तेलाचा फवारा मारला जातो. पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या बेअरिंगमध्ये पाणी जात नाही, तिथेही तेलच. टर्बोचा, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. त्यालाही तेलच सांभाळतं. आपण तेलाला वंगण म्हणून ओळखतो, पण जोरदार इंजिनात त्याचं निम्मं काम उष्णता उचलून आणण्याचं असतं. आणि पाण्याच्या तुलनेत ते या कामात कमी पडतं. तेवढ्याच वजनाचं पाणी एक अंशाने तापायला जेवढी उष्णता घेतं, त्याच्या साधारण निम्म्या उष्णतेत तेल एक अंशाने तापतं.

नेहमीच्या रस्त्यावर तेल ९० ते ११० अंशांत राहतं आणि तसंच राहायला हवं. जोराच्या कामात ते १२० पर्यंत गेलं तर घाबरायचं कारण नाही. १३० ओलांडलं की पाय हलका करावा आणि १४० कडे जाऊ लागलं तर थांबावं, असं मी मानतो. नेमकी मर्यादा इंजिनागणिक बदलते, तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तर तीच खरी.

एवढी काळजी का, हे कळायला १८८३ च्या सुमाराचा एक प्रयोग बघू. इंग्लंडमध्ये बोशां टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगमधलं घर्षण मोजत होता. वरून तेल सोडायला त्याने बेअरिंगला भोक पाडलं. आस फिरू लागला आणि तेल आत जायच्या ऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकली, तर ती हळूहळू वर सरकून बाहेर पडली. मग दाबमापक जोडला. भाराचा सरासरी दाब जेवढा होता, त्याहून कितीतरी जास्त दाब तेलात निघाला. फिरणारा आस तेलाला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मधल्या निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि त्या दाबावर सगळा भार उचलला जातो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं आणि आजही बेअरिंगची रचना त्याच गणितावर होते.

म्हणजे क्रँकशाफ्ट धातूवर टेकून फिरतच नाही, तेलावर तरंगतो. हा तेलाचा थर किती जाड? भार मोठा असेल तेव्हा एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे एखाद-दोन हजारांश. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. आणि हा थर टिकतो तो तेलाच्या दाटपणावर, शास्त्राच्या भाषेत श्यानतेवर. तेल तापलं की ती झपाट्याने उतरते. ५डब्ल्यू-३० जातीच्या तेलाची १०० अंशांना जेवढी श्यानता असते, ती १३० अंशांना निम्म्याच्या जवळ येते. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखाली तेल साठतं तिथे, १३४ दिसत असेल तर बेअरिंगच्या फटीत त्याहून जास्त असतं, कारण तिथे तेल घुसळून निघतं. तेलाच्या दर्जाची एक महत्त्वाची चाचणी १५० अंशांवर घेतात ती याचसाठी. ३० ग्रेडच्या (५डब्ल्यू-३० मधला ३० तो हाच) तेलाची श्यानता तिथे किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद भरावी लागते, ५० ग्रेडची ३.७.

दुसरं नुकसान सावकाश होतं. गरम तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, ते आंबतं, दाटतं, त्यात चिकट साका धरतो. अंदाजाला एक नियम उपयोगी पडतो: दर १० अंशांमागे हा वेग साधारण दुप्पट होतो. १०० अंशांऐवजी १३० वर काम केलेल्या तेलाचा एक तास हिशेबाने आठ तासांचा धरावा. सिंथेटिक तेल हा मारा खनिज तेलापेक्षा नक्कीच जास्त सोसतं, पण नियम त्यालाही सुटत नाही.

आता वाळूकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. डांबरी रस्त्यावर चाकाला होणारा विरोध गाडीच्या वजनाच्या एक-दीड टक्का असतो. सैल वाळूत तो २० टक्के आणि कधी त्याहून जास्त होतो, कारण चाक रुततं आणि पुढे सतत वाळूचा ढीग ढकलत राहतं. अडीच टनांच्या गाडीचा हिशेब करून बघा. डांबरावर ताशी ३० च्या वेगाला चाकांशी ३ किलोवॅट पुरतात. वाळूत त्याच वेगाला ४० किलोवॅट लागतात. हीच गाडी महामार्गावर ताशी १०० ने जाते तेव्हा हवेचा विरोध धरूनही २५ च्या आसपास लागतात. म्हणजे सपाट वाळूत ताशी ३० ने जाताना इंजिन महामार्गापेक्षा दीडपटीहून जास्त राबतं आणि समोरून येणारं वारं एक तृतीयांशापेक्षा कमी. वर चढ असेल तर विचारूच नका. इंजिनात जाळलेल्या इंधनातला ढोबळ एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, तेवढाच धुराड्यातून आणि जवळजवळ तेवढाच पाणी नि तेलाच्या अंगावर पडतो.

म्हणून तेल तापतंय म्हटल्यावर लोक मोठा ऑइल कूलर (तेल थंड करणारी जाळी) शोधायला धावतात, ते मला उलटं वाटतं. उष्णता बाहेर कशी काढायची हा दुसरा प्रश्न. ती तयारच कमी कशी होईल हा पहिला आणि त्याचं सगळ्यात स्वस्त उत्तर टायरच्या वाल्वमध्ये आहे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असणारी हवा वाळूत १५ ते १८ वर आणली की टायर जमिनीवर लांबट पसरतो, भार वाटला जातो, चाक कमी रुततं. समजा विरोध २० टक्क्यांवरून १५ वर आला. आपल्या गाडीचे ताशी ३० च्या वेगाला तिथल्या तिथे १० किलोवॅट वाचले. एवढ्या कामाचा कूलर बसवायला बरीच खटपट करावी लागेल. टपावरचं आणि मागचं अनावश्यक सामान उतरवणं हाही त्याच जातीचा उपाय. कडक रस्ता लागला की हवा मात्र लगेच भरून घ्यायची, नाहीतर वेगात टायरच तापून फाटतो.

गिअरच्या बाबतीत दोन टोकं टाळायची. वरच्या गिअरमध्ये इंजिन घरघरत ओढलं, तर पिस्टनवर भार येतो, आणि पंखा, पाण्याचा पंप, तेलाचा पंप हे सगळे इंजिनाच्या फेऱ्यांवर चालत असतील तर तेही मंदावतात. उलट सतत लाल रेषेजवळ, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेजवळ फिरवलं, तर बेअरिंगमधल्या घुसळणीनेच तेल तापतं. फेरे दुप्पट झाले की ही उष्णता जवळपास चौपट होते. लो रेंज (चारचाकी जोराच्या गाडीतला कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) टाकावी आणि फेरे मधल्या पट्ट्यात, जिथे इंजिन मोकळेपणाने ओढतं तिथे ठेवावेत. ऑटोमॅटिक गाडीत लो रेंजचा आणखी एक फायदा: टॉर्क कन्व्हर्टरमधली (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातली) घसर कमी होते आणि गिअरबॉक्सचं तेलही वाचतं.

एवढं करूनही तापमान वाढत असेल तर बॉनेट उघडून रेडिएटरच्या जाळीत बोट घालून बघा. वाळलेला चिखल, गवताचं बी, मेलेले किडे. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत तर नमद्यासारखा थर बसलेला असतो आणि समोरून बघणाऱ्याला तो दिसतच नाही. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला सोडायचं, आणि हलक्या धारेनेच. प्रेशर वॉशरच्या धारेने ॲल्युमिनियमचे पातळ पापुद्रे आडवे झोपतात आणि मग हवा कायमची अडते.

कूलर खरंच लागतो तो इंजिनाची ताकद वाढवून घेतलेली असेल किंवा तासन् तास जड काम असेल तेव्हा. कूलंटच्या मदतीने तेल थंड करणारा कूलर सकाळी तेल लवकर गरमही करतो, पण रेडिएटरवर आधीच ताण असेल तर तो ओझं फक्त दुसऱ्याच्या डोक्यावर देतो. हवेवर चालणारा वेगळा कूलर हा प्रश्न सोडवतो. तो रेडिएटरसमोर टांगला तर रेडिएटरला गरम हवा मिळते. स्वतःचा पंखा देऊन बाजूला, दगड उडणार नाहीत अशा जागी तो बसवावा आणि त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे तेल पुरेसं तापेपर्यंत ते कूलरकडे जाऊ न देणारी झडप, हवाच. तेल कायम ७०-८० अंशांवर राहिलं, तर त्यातलं पाणी आणि मिसळलेलं इंधन उडून जात नाही. थंड तेलही इंजिन खातंच.

तेलाची पातळी डोंगराळ वाटेवर जास्त महत्त्वाची. कमी तेल असेल तर तीव्र चढावर ते एका कडेला सरकतं आणि पंप हवा ओढू लागतो. जास्त भरलं तर क्रँक त्यात बुडून फेस काढतो, आणि फेसाळ तेलावर काहीच तरंगत नाही. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघावी. तेल वरच्या खुणेशी असावं, वर नाही.

चढ संपला, तेल १३४ वर आहे. लगेच चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बोच्या घरातली उष्णता तिथेच असते आणि दांड्याभोवती अडकलेलं तेल जळून कोळशासारखं चिकटतं. निदान दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवावं, नाक वाऱ्याकडे करून. आकडा आधी पटकन उतरतो, मग रेंगाळतो, कारण तेलाबरोबर अख्खं लोखंड निवत असतं. तो ११० च्या खाली आला की इंजिन बंद करा, आणि गार झाल्यावर डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसून नाकाशी धरा. करपट, आंबूस वास आला, तर पुस्तिकेतले किलोमीटर पुरे व्हायची वाट न बघता तेल बदलून घ्या.