नवले पुलाचा उतार आणि न्यूट्रलचं खोटं गणित

पुण्यात नवले पुलाजवळ मोठा अपघात झाला की बातमीत दोन वाक्यं हमखास असतात. एक, ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले’. दुसरं, ‘उन्नत मार्गाचा प्रस्ताव मंजुरीच्या प्रतीक्षेत’. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री इथे एकाच अपघातात 48 वाहनांचं नुकसान झालं. 13 नोव्हेंबर 2025 ला भरधाव कंटेनरने समोरची वाहनं चिरडली, आग लागली आणि आठ जण गेले. मंजुरीचं काय ते सरकार बघेल. मला त्या पहिल्या वाक्याशी भांडायचं आहे.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग थेट नवले पुलापर्यंत उतरत जातो. चाळीस टनांचा ट्रेलर जेव्हा 100 मीटर उंचीवरून खाली येतो, तेव्हा त्याची साधारण 39 मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एक लिटर डिझेल जाळलं की जेवढी मिळते, त्याहूनही ही थोडी जास्त. शाळेतलं mgh (वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची), दुसरं काही नाही. काही वाटा टायर आणि हवा घेतात. उरलेली सगळी ब्रेकवर टाकली तर?

पाच अॅक्सलच्या ट्रेलरला दहा ब्रेक ड्रम. एक ड्रम 40 किलोचा धरला तर एकूण 400 किलो बिडाचं लोखंड. त्यात 39 मेगाज्यूल ओता आणि हवेने काहीच थंड केलं नाही असं समजा: तापमान दोनशे अंशांहून अधिक वाढतं. हे फक्त पहिल्या 100 मीटर उंचीचं.

आता खरी गंमत. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव बसवताना ती आधी तापवतात, कारण तापली की ती मोठी होते. ड्रमचंही तेच होतं, फक्त इथे ते आपल्या जिवावर उठतं. ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमवर घासणारे पट्टे, ड्रमच्या आत असतात आणि बाहेरच्या दिशेने दाबले जातात. 40 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम 300 अंशांनी तापला की व्यासात सव्वा मिलिमीटरच्या आसपास फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो. तेवढं अंतर भरून काढायला एअर ब्रेकच्या दांड्याला मधल्या तरफेमुळे त्याच्या कित्येक पट पुढे जावं लागतं, आणि तो दांडा किती पुढे जाऊ शकतो याला मर्यादा असते. स्लॅक अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर जुळवणारी ती तरफ) आधीच सैल असेल तर दांडा टोकाला पोचतो आणि लायनरवर जेमतेम दाब येतो. त्यात लायनरमधलं रेझिन तापून विघटित होतं आणि घर्षण गुणांक घसरतो. (डिस्क ब्रेकमध्ये तापलेली डिस्क पॅडच्या दिशेने फुगते, त्यामुळे तिथे हा पहिला त्रास नाही.) चालक पेडल पूर्ण दाबून बसलेला असतो. काहीही तुटलेलं नसतं. तासाभराने आरटीओवाले तपासायला येतात तेव्हा ड्रम थंड झालेला असतो आणि ब्रेक छान लागतात!

हा भार ब्रेकवरून काढून घेणारं यंत्र गाडीत आधीपासून असतं, ते म्हणजे इंजिन. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की चाकं इंजिनाला फिरवतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. एक्झॉस्ट ब्रेक लावला तर धुराच्या नळीतली झडप मिटते आणि पिस्टनला कोंडलेल्या वायूविरुद्ध रेटा द्यावा लागतो. ही उष्णता ड्रममध्ये जात नाही, सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जाते. जुने चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. एक्झॉस्ट ब्रेक नसतानाच्या काळातला हा सल्ला आजही चुकीचा नाही.

आणि आपण काय करतो? डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल मारतो. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये राहून उतरत असेल, पाय अॅक्सिलरेटरवरून काढलेला असेल, तर डिझेलचा पुरवठा पूर्ण बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. म्हणजे वाचत तर नाहीच, उलट जातं. इंजिनच बंद केलं तर एअर ब्रेकच्या टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकला टाकीतली हवा कमी होते, स्टेअरिंग जड होतं. 2022 च्या अपघातातला चालक इंजिन बंद ठेवून उतरत होता, असं प्राथमिक तपासात समोर आलं होतं. चार टक्के उतार धरला तर न्यूट्रलमधला ट्रेलर ब्रेकविना एका किलोमीटरमध्ये ताशी 40 वरून 90 च्या पुढे जातो. बंपरला लटकवलेल्या लिंबू-मिरचीचा या आकड्यावर काडीचाही परिणाम होत नाही, आणि ‘जागाच वाईट आहे’ म्हणणाऱ्यांनी वाईट काय आहे ते एकदा मोजून बघावं.

2025 च्या अपघातानंतर इथली वेगमर्यादा ताशी 30 वर आणली तेव्हा बरीच कुरकुर झाली. जिरवायची एकूण ऊर्जा वेग कमी केल्याने फारशी बदलत नाही, हे खरं. पण 60 ऐवजी 30 ने उतरलात तर तीच उष्णता दुप्पट वेळात तयार होते आणि ड्रमला थंड व्हायला उसंत मिळते.

आता त्या उन्नत मार्गाकडे. स्थानिक वाहनं आणि लांबचे ट्रक वेगळे झाले तर आदळायला समोर कमी लोक असतील, हा फायदा मोठा आहे. पण सगळे प्रश्न एका पुलात सुटतील ही जाहिरात झाली. पूल खांबांवर बांधा नाहीतर आणखी कशावर, बोगदा आणि शहर यांच्या उंचीतला फरक तोच राहतो. म्हणून आराखडा मंजूर करणाऱ्यांनी त्यात एक गोष्ट शोधावी: ब्रेक गमावलेल्या ट्रकला बाजूला शिरता येईल असा, गोल गुळगुळीत खडीने भरलेला पट्टा. खडी गोलच हवी, कारण टोकदार खडी एकमेकींत अडकून घट्ट बसते आणि चाक वरूनच निघून जातं. गोल खडी सरकते, चाक त्यात रुततं आणि ट्रकची ऊर्जा खडी उधळण्यात खर्च होते. त्यासाठी मात्र रस्त्याकडेला सलग मोकळी जागा लागते, आणि तिथे इमारती रोज उतरणीच्या आणखी जवळ येत आहेत.