ई/आय: अमेरिकेतला शनिवार सकाळचा शैक्षणिक टीव्ही

अमेरिकेतल्या लोकल टीव्ही स्टेशन्सवर वीकेंडला सकाळी मुलांसाठी जे शैक्षणिक प्रोग्रॅम लागतात त्यांना ई/आय म्हणतात, म्हणजे शैक्षणिक आणि माहितीपर, आणि ही खूण स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसते.

याची सुरुवात पालकांच्या चळवळीतून झाली. पेगी चॅरेन या बाईंनी १९६८ मध्ये बॉस्टनजवळ काही आयांना घेऊन संघटना काढली, मुलांच्या टीव्हीवर जाहिरातींचा आणि खेळणी विकण्यासाठीच बनवलेल्या कार्टून्सचा नुसता भडिमार आहे हे त्या वर्षानुवर्षं सांगत राहिल्या, शेवटी १९९० मध्ये, स्टेशन्सनी मुलांसाठी शैक्षणिक प्रोग्रॅमही दाखवावेत असं सांगणारा चिल्ड्रन्स टेलिव्हिजन अ‍ॅक्ट आला. पण कायदा मोघम होता, त्यामुळे काही स्टेशन्सनी 'द जेटसन्स' आणि 'जी.आय. जो' हीच कार्टून्स शैक्षणिक म्हणून कागदावर दाखवली! मग १९९६ मध्ये एफसीसीने, म्हणजे टीव्ही-रेडिओवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, आठवड्याला ३ तासांचा नियम केला, प्रोग्रॅम किमान अर्ध्या तासाचा आणि दर आठवड्याला ठरलेल्या वेळी हवा.

आता स्टेशनला हे ३ तास स्वस्तात भरायचे असतात आणि तिथेच सिंडिकेशन कामाला येतं. निर्माता एकच प्रोग्रॅम देशभरातल्या वेगवेगळ्या स्टेशन्सना देतो, बऱ्याचदा पैसे न घेता, बदल्यात जाहिरातींचा काही वेळ स्वतः विकतो. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या प्रोग्रॅममध्ये वीकेंडला तासाला साडेदहा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती चालत नाहीत, १३ ते १६ वयासाठी ही मर्यादा नाही, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम टीनएजर्ससाठी असल्याचं सांगतात आणि मग प्राणी, प्रवास, शोध असे विषय येतात जे आजी-आजोबाही बघतात. लहान मुलं यात मागे पडली हे मला फार खटकतं.

तरी चांगलं काम झालंच नाही असं नाही. 'बीकमन्स वर्ल्ड' (१९९२) आणि सिएटलमध्ये बनलेला 'बिल नाय द सायन्स गाय' (१९९३) हे विज्ञानाचे प्रोग्रॅम दोन्ही ३ तासांच्या नियमाच्या आधीचे, आणि माझ्या मते आजही सगळ्यात सरस, कारण ते खरोखर मुलांशी बोलतात. प्राणिसंग्रहालयवाले जॅक हॅना यांचे प्राण्यांचे प्रोग्रॅम तर वर्षानुवर्षं चालले. २०११ मध्ये लिटन या निर्मिती कंपनीने एबीसी नेटवर्कच्या स्टेशन्सची अख्खी शनिवार सकाळ ई/आय प्रोग्रॅमनी भरली, २०१४ मध्ये फॉक्स नेटवर्कच्या स्टेशन्सवर 'एक्सप्लोरेशन स्टेशन' हा असाच प्रोग्रॅमचा संच आला, त्याच वर्षी सीडब्ल्यू नेटवर्कवरचा कार्टूनचा शनिवारही संपला.

नियम मोडला तर दंडही होतो, जुळ्या मुलींची टेलिनोव्हेला, म्हणजे स्पॅनिश मालिका, शैक्षणिक म्हणून दाखवल्याबद्दल २००७ मध्ये युनिव्हिजन या स्पॅनिश नेटवर्कला २ कोटी ४० लाख डॉलर भरावे लागले.

२०१९ मध्ये एफसीसीने ३ विरुद्ध २ मतांनी नियम सैल केले: आठवड्याऐवजी वर्षाला १५६ तासांचा हिशोब, सकाळी ७ ऐवजी ६ पासूनचे प्रोग्रॅम चालतील. मुलं आता केबल आणि इंटरनेटवरच बघतात असं स्टेशन्सचं म्हणणं होतं, पण ज्या घरात या दोन्हीचे पैसे भरणं परवडत नाही तिथे अँटेनावर फुकट येतं तेवढंच मुलांच्या वाट्याला येतं.