रोमन चांदीच्या नाण्यांवरील देव आणि पूजासाहित्य : पार्श्वभूमी

कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धामुळे रोमच्या तिजोरीवर मोठा ताण आला असताना, इ.स.पू. २११ च्या सुमारास, देनारियस हे चांदीचे नवे नाणे पाडले जाऊ लागले. त्याच्या एका बाजूस शिरस्त्राणधारी रोमा देवी होती आणि दुसऱ्या बाजूस भाले रोखून घोडदौड करणारे कॅस्टर व पोलक्स हे जुळे देव. रेगिलस सरोवराच्या लढाईत हे दोघे रोमच्या बाजूने धावून आले, अशी जुनी श्रद्धा होती. संकटकाळी त्यांनाच नाण्यावर आणण्यात नगराची प्रार्थनाच व्यक्त झाली होती, असे मला वाटते. टांकसाळही कॅपिटोलिन टेकडीवर, जुनो मोनेटा देवीच्या मंदिरालगतच होती.

पुढे टांकसाळीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नाण्यांवर आपापल्या घराण्यांचा गौरव कोरायला सुरुवात केली. इ.स.पू. ५६ मध्ये मेमियस नावाच्या अशाच एका अधिकाऱ्याने धान्यदेवता सेरेसची प्रतिमा घेतली आणि तिचा उत्सव आपल्याच घराण्यातील अधिकाऱ्याने प्रथम भरवला, असा लेखही सोबत कोरला. देव तेच राहिले, पण ते आता कुळाची कीर्ती सांगू लागले.

ज्युलियस सीझरने याच्या पुढचे पाऊल टाकले. इ.स.पू. ४९ च्या सुमारास पाडलेल्या त्याच्या देनारियसवर एका बाजूस हत्ती आहे. दुसऱ्या बाजूस मात्र कोणाही देवतेची मूर्ती नसून पवित्र जल शिंपडण्याचा कुंचला, बळीची कुऱ्हाड आणि पुरोहिताची टोकदार टोपी अशी पूजासाधने आहेत. सिनेटशी उघड युद्ध सुरू असताना आपण इ.स.पू. ६३ पासून रोमचे मुख्य पुरोहित आहोत, याची आठवण तो सैनिकाच्या हातात पडणाऱ्या प्रत्येक नाण्यातून करून देत होता. इ.स.पू. ४४ मध्ये तर त्याचा स्वतःचा चेहरा पुढच्या बाजूस आला आणि ज्या व्हीनसला तो आपली कुलमाता मानत असे, ती मागच्या बाजूस गेली.

सीझरचा वारस आणि रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने हीच भाषा आपल्या वारसांसाठी वापरली. इ.स.पू. २ पासून लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील लियाँ, येथे पाडलेल्या देनारियसवर गायस आणि लुसियस हे त्याचे दत्तकपुत्र ढाली व भाल्यांसह उभे आहेत. त्यांच्यावरच्या जागेत पूजेची पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी कोरलेली आहे. ती अनुक्रमे दोघांच्या पुरोहितपदांची चिन्हे होत. ही नाणी व्यापारामार्फत दक्षिण भारतात मोठ्या संख्येने पोहोचली आणि इथे त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या.